तिच्या चालीला जमेल असा पाइप

माझी बायको शाळेतून निवृत्त झाली त्या उन्हाळ्यात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हवेचा कंप्रेसर आला. ती अंबडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. मी कोर्टात कारकून होतो आणि तिच्या आधीच घरी बसलो होतो. पेपर वाचण्यात माझी सकाळ आरामात जायची. तिला तसं बसणं जमण्यासारखं नव्हतं. शेजारणीच्या शिलाई मशीनचं गंजलेलं स्टँड तिनं एकदा घासूनपुसून रंगवून दिलं, आणि मग लोक आपण होऊन वस्तू आणू लागले. लोखंडी पलंग, ट्रंका, झोपाळ्याच्या कड्या, पाळणे. सुरुवातीला ती ब्रशनंच रंगवायची, पण वाळल्यावर उमटणाऱ्या रेघा तिला बघवायच्या नाहीत.

"आयुष्यभर पोरांना सांगितलं, रंगात ब्रश दिसू द्यायचा न्हाई. आता माझ्याच हातून दिसून राह्यला," ती म्हणायची.

म्हणून गावातलं एक गॅरेज बंद होत होतं, तिथला जुना कंप्रेसर तिनं घेतला. खाली चाकं असलेली लोखंडी टाकी, वर मोटर. टाकीत हवा दाबून भरायची, ती पाइपमधून स्प्रे गनमध्ये आणायची, आणि गनचा घोडा दाबला की रंग धुक्यासारखा उडून वस्तूवर बसतो. गॅरेजवाल्यानं कंप्रेसरसोबत एक हिरवा प्लास्टिकचा पाइपही वेटोळं करून दिला. "घ्या, हा असाच घ्या," म्हणाला. फुकट मिळाला म्हणून मला आनंद झाला. पुढचं सगळं त्या पाइपापासून सुरू झालं.

इथं एक सांगितलं पाहिजे. माझ्या बायकोचा उजवा पाय पोलिओचा आहे. ती अगदी लहान होती तेव्हापासून. त्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि डाव्या हातात काठी, अशीच ती शाळा शिकली, अशीच नोकरी केली, लग्नही अशीच चालत मांडवात येऊन केलं. तिचं चालणं म्हणजे आधी काठी, मग पाय, मग क्षणभर थांबून दुसरा पाय. घरातल्या आम्हा सगळ्यांना त्या चालीची इतकी सवय होती, की आमच्या मुलीनं लहानपणी बाहुलीला चालवताना तशीच चालवली होती.

म्हणजे रंगकाम करताना तिचा एकच हात मोकळा. उजव्या हातात गन, डाव्या हातात काठी. छोट्या वस्तू ती एका फिरत्या पाटावर ठेवून बसल्या जागी रंगवायची. पण पलंग किंवा पाळणा काही पाटावर फिरत नाही. त्याच्याभोवती आपणच फिरावं लागतं, आणि मागून तो पाइप येतो.

त्या हिरव्या पाइपाला स्वतःचं डोकं होतं. सकाळी गार असला की काडीसारखा ताठ, वर्षानुवर्षं वेटोळ्यात राहिल्यामुळे कितीही सरळ करा, पुन्हा गोल व्हायचा. दुपारी पत्रा तापला की शेवयांसारखा मऊ पडायचा, मधेच मुडपायचा आणि हवा अडायची. मग गन एकसारखी फवारायच्या ऐवजी थुंकायची. तिला तोच शब्द आवडायचा. "थुंकली बघा पुन्हा," म्हणत ती थेंब पुसायची. पाइप मोकळा करायला वाकायचं म्हणजे तिला आधी गन ठेवावी लागायची, मग काठी भिंतीला लावावी लागायची, मग कशाला तरी धरून खाली जावं लागायचं. एवढं होईपर्यंत कडेचा रंग वाळून जायचा.

राजूरच्या एका कुटुंबाचा सागवानी पाळणा आला होता. घरातली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, तिला ती स्वतः लहानपणी झोपली तोच पाळणा द्यायचा होता. बायकोनं तो कितीतरी दिवस घासला, जुन्या रंगाचे थर काढले, अस्तर दिलं. निळ्या रंगाचा शेवटचा हात मारताना पाळण्याला वळसा घालायला तिनं काठी पुढे टाकली आणि काठीच्या टोकाखाली पाइपाचं एक वेटोळं आलं. मी पेपर वाचत ओट्यावर होतो. आवाज ऐकून धावलो, तर ती पाळण्याच्या कठड्यावर आडवी, अर्धा चेहरा आणि सगळा दंड निळा, आणि पाळणा एका कडीवर लोंबलेला. कोपर सुजलं होतं. गन मात्र तिनं वर धरली होती, जमिनीवर आपटू दिली नव्हती.

डॉक्टरांनी कोपर बांधून दिलं, हाड शाबूत होतं. घरी आल्यावर मी सरळ सांगितलं, "आता हे बस झालं. ज्यांना रंगवायचं त्यांनी दुसरीकडं रंगवून घ्यावं."

ती खुर्चीत बसून तेलाच्या बोळ्यानं गालावरचा रंग काढत होती. शांतपणे म्हणाली, "अहो, पाय माझा जन्माचा हाय. पाइप आत्ता आलाय. दोघांतनं बदलायचं कोणी?"

कोर्टात मी खूप वकिलांचे युक्तिवाद ऐकले आहेत. इतका सरळ एकही नव्हता.

कोपर जरा बरं झाल्यावर आम्ही एसटीनं जालन्याला गेलो. तिथं बाजारात नुसते पाइप विकणारी जुनी दुकानं आहेत. शेताचे, कारखान्यांचे, गॅसचे, हवेचे. एका दुकानात म्हातारे मालक गल्ल्यावर बसलेले, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. मागच्या पोत्यांवर मुलगा हिशोब करत होता, त्याच्याशी ते उर्दूत बोलत होते, आमच्याशी मराठीत. हिला बघून त्यांनी लगेच स्टूल पुढं केलं.

"बसा बाई. काय पाहिजे?"

"हवेचा पाइप. पण मी बसून न्हाई घेणार, चाचा. मला चालून बघायचंय."

त्यांना ते कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं. ती काय रंगवते, शेड केवढी, कंप्रेसर कुठं आणि पडली कशी, सगळं तिनं नीट सांगितलं. मी मधे म्हणालो, "चांगला लांबलचक द्या, म्हणजे कुठंही पुरेल." चाचांनी मान हलवली.

"साहेब, लांब पाइपात हवा दमते. जितका लांब आणि आतून जितका बारीक, तितकी शेवटाला ताकद कमी. हे बघा," म्हणत त्यांनी आमच्या पाइपाचा आणलेला तुकडा डोळ्याला लावला. "हा आतून दोन सुती पण न्हाई. गन थुंकणारच. तुम्हाला तीन सुती पाहिजे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तिथल्या तिथं त्यांनी मला बोटानं दाखवलं.

"ठिबकच्या नळीसारखं," बायको म्हणाली. "शेवटच्या झाडाला पाणीच पोचत न्हाई."

"बराबर!" चाचा खूष झाले. दोघांचं तिथून जुळलं.

मग त्यांनी दुकानाच्या फरशीवर एकेक पाइप पसरला. काळा रबरी. जाड जाळीचा प्लास्टिकचा. पातळ निळा, पीयू म्हणतात तो, वजनाला पिसासारखा. आणि त्याच जातीचा स्प्रिंगसारखा गुंडाळलेला, ओढला की लांबणारा. बायकोनं पिशवीतून आपली गन काढली. चाचांनी ती प्रत्येक पाइपाला जोडून दिली आणि ही हातात गन घेऊन, काठी टेकत, दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. आलेली गिऱ्हाइकं दाराशी थांबून बघत होती. मला थोडा संकोच वाटत होता. तिला अजिबात नव्हता. वर्गात बाकांमधून फिरावं तशी ती फिरत होती.

काळा रबरी जमिनीला चिकटून मुकाट पडायचा, वेटोळं म्हणून करायचा नाही. पण मागून ओढताना जड. "मनगट दुखेल, मंग हात थरथरेल," ती म्हणाली. स्प्रिंगवाला गनला सतत मागं खेचायचा. "हा माझ्याशी भांडून राह्यला." निळा पीयू हलका, पण फरशीवर उड्या मारायचा. कोणताच धड नव्हता.

मग जोडणीची गोष्ट निघाली. पाइप गनला जोडायचा-काढायचा तर बहुतेक कपलिंगला दोन हात लागतात, एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. "काठी सोडून दोन हात मी आणू कुठनं?" तिनं विचारलं. चाचांनी तिच्या काठीकडं बघितलं. मग उठले, डावा हात पाठीमागं नेला आणि कपाटातली एकेक कपलिंग उजव्या हातानंच लावून बघायला लागले. काही हातातून निसटून खाली पडली. मुलगा हिशोब सोडून उचलायला आला तर म्हणाले, "तू राहू दे, मला बघू दे." शेवटी पितळेचं एक सापडलं. नुसतं टोक आत दाबलं की टक् करून बसायचं आणि बाहेरची कडी अंगठ्यानं मागं सारली की सुटायचं. सुटलं की हवा आपोआप बंद. बायकोनं ते तिथं उभ्या उभ्या कितीतरी वेळा लावलं नि काढलं.

"हे घेते," ती म्हणाली. "पाइपाचं मात्र घरी जाऊन विचार करते."

मी वैतागलो होतो. एवढं दुकान पालथं घालून पाइप न घेताच परत! पण चाचांना राग आला नाही. ते म्हणाले, "सोचून घ्या बाई. दुकान कुठं जात न्हाई. पण एक ऐका. जो घ्याल त्याचं तोंड तारेनं बांधू नका. बरोबर मापाचा क्लॅम्प लावा. दाबातला पाइप सुटला तर सापासारखा उधळतो."

त्यानंतर काही दिवस ती शेडमध्ये नुसती बसून असायची. पाळण्याभोवती चालून बघायची, थांबायची, वर बघायची, पुन्हा बसायची. पायाखाली असणारा कोणताही पाइप तिच्यासाठी चुकीचाच, हे तिला दुकानातच कळलं होतं. प्रश्न एवढाच होता की तो जमिनीवरून उचलायचा कसा. एके दिवशी तिनं दवाखान्यातल्या खाटांभोवतीच्या पडद्यांबद्दल विचारलं. "ते कड्यांवर सरकतात ना? तार किती उंच असती?" मी म्हणालो, डोक्याच्या वर. ती उठली आणि खडूनं शेडच्या भिंतीवर रेघ मारली. पुढं जे केलं ते तिनं खडूनंच आखलं, शाळेत फळ्यावर आखायची तसं.

कंप्रेसरपासून भिंतीवरून वर, मग पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला धरून शेडच्या मध्यापर्यंत, काळा रबरी तीन सुती पाइप पट्ट्यांनी पक्का बसवायचा. तो कायमचा तिथंच राहणार, त्याला ओढायचं नाही, म्हणून जड असला तरी चालेल. उन्हानं मऊ पडणार नाही, आतून रुंद म्हणून हवा दमणार नाही. मधोमध खाली, तिच्या खांद्याच्या उंचीला, दाब कमी-जास्त करायचं आणि हवेतलं पाणी गाळायचं यंत्र. आणि तिथून पुढं फक्त आखूड निळा पीयू, पत्र्याखाली आडव्या ताणलेल्या तारेवरच्या कड्यांना लटकवलेला. ती जिकडं जाईल तिकडं कड्या सरकतील, पाइप वरून येईल. जमीन तिच्या काठीसाठी मोकळी.

मी फोनवर चाचांना हे सांगितलं. त्यांनी तारेची उंची विचारून घेतली. मग म्हणाले, "बाईंना सांगा, काळ्या पाइपासोबत निळ्या पाइपाचे दोन तुकडे पाठवतो. एक जरा लांब, एक आखूड. चालवून बघा, जो जमेल तो ठेवा, दुसरा परत द्या. माप मी इथं बसून सांगू शकत न्हाई. बाईच सांगू शकतील."

गावातल्या वेल्डरनं दोन आकडे लावून तार ताणून दिली. बायको खाली उभी राहून काठीनं दाखवत होती, "अजून वर. अजून जरा. बस." आखूड तुकडा पाळण्याच्या पलीकडल्या कडेला पोचायचा नाही. लांबाचा झोळ तिच्या चेहऱ्यासमोर लोंबायचा. शेवटी तिनं लांब घेतला आणि एक कडी वाढवली, म्हणजे लोंबणारा भाग वर उचलला गेला. सगळे क्लॅम्प पुन्हा आवळले. साबणाचं पाणी लावून सांध्यांवर बुडबुडे येतात का ते बघितलं. आले नाहीत.

मग तिनं मोडलेला पाळणा पुन्हा घेतला. तुटलेला कठडा सुतारानं दुरुस्त केला होता. खराब झालेला रंग तिनं परत अस्तरापर्यंत घासला. त्या दिवशी सकाळी तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल बांधून ती शेडमध्ये गेली. मी दारात खुर्ची टाकून बसलो. पडली तर धरायला, असं मी स्वतःला सांगत होतो.

धरायची वेळ आली नाही. तिनं काठी पुढं टाकली, पाय टाकला, थांबली, आणि थांबल्या क्षणी गनचा घोडा दाबून कठड्यावरून हात सरळ नेला. सोडला. पुन्हा काठी, पाय, थांबा, हात. वर कड्या बारीक किणकिणत सरकत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिच्या चालीतला जो थांबा आम्ही सगळे अडचण समजत आलो, त्याच थांब्यात ती रंग मारत होती. धडधाकट माणूस चालता चालता फवारतो आणि रंग कुठं जाड, कुठं पातळ बसतो. ती स्थिर असायची तेव्हाच रंग सुटायचा. सबंध पाळण्याला वळसा पडला, एकदाही गन थुंकली नाही. निळा रंग पाण्यासारखा एकसारखा पसरला होता, कुठं एक रेघ नाही.

तिनं मास्क खाली केला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "चहा टाकता का?"

पाळणा राजूरला गेला. पोरगी बाळंत झाल्यावर त्यांनी पेढे आणून दिले आणि पाठोपाठ शेजाऱ्यांचा झोपाळा पाठवला. दुसरा तुकडा मी चाचांना परत द्यायला निघालो तर त्यांनी फोनवर अडवलं. "मी येतो. मला बघायचंय." नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून ते आले. शेडच्या मधोमध उभे राहून खूप वेळ वर बघत राहिले. हातानं कड्या सरकवल्या, एका हातानं कपलिंग लावलं, काढलं. मग बायकोला म्हणाले, "बाई, आयुष्य पाइप विकण्यात गेलं. गिऱ्हाईक विचारतं, कोणता भारी? कोणता टिकेल? मी कसा चालतो, हे सांगत कोणी आलं न्हाई." तिनं त्यांना उपम्याची बशी दिली. ते पाइपाच्या गप्पा मारत जेवणवेळेपर्यंत बसले.

त्यांनीच पुढं वाटूरच्या एका पंक्चरवाल्याला आमचा पत्ता दिला. त्याचे दोन्ही पाय निकामी, हातानं चालवायच्या तीनचाकीवर तो फिरतो. वाटूरच्या फाट्यावर ट्रक-ट्रॅक्टरच्या चाकांत हवा भरतो. शेडमधली तार बघून तो म्हणाला, "ताई, असंच मला पण करून द्या."

"अस्संच न्हाई करायचं," ती म्हणाली. "आधी तुमची जागा बघू द्या."

आम्ही वाटूरला गेलो. तिनं त्याच्याशेजारी खाली पोत्यावर बसून दुकान त्याच्या उंचीवरून बघितलं. गाड्या दोन्ही बाजूंनी येऊन लागत होत्या. तो एकच लांब पाइप इकडून तिकडं ओढत सरपटत जायचा, पाइप चाकांखाली यायचा, चिरडायचा. वरून तार ताणली असती तर ट्रकच्या टपाला अडकली असती. तिला उठायला मी हात दिला, पण तिचं लक्ष जमिनीकडंच होतं.

"तुम्हाला एक पाइप न्हाई, दोन पाहिजेत," तिनं सांगितलं. "दोन्हीकडं एकेक, आखूड, जाड रबरी. हवेची लाइन मागच्या भिंतीतनं दोन्ही कोपऱ्यांत न्यायची. जिकडं गाडी, तिकडचा पाइप उचलायचा. मधून ओढत न्यायचं कामच न्हाई."

त्यानं दोन्ही कोपऱ्यांकडं बघितलं. "आणि कपलिंग?"

"तुमचे दोन्ही हात मोकळे हायत. तुम्हाला जे मजबूत वाटंल ते घ्या."

तसंच केलं त्यानं. पुढच्या वेळी आम्ही वाटूरहून जात होतो, तिनं एसटी थांबली तसं उतरायला लावलं. एक ट्रॅक्टर डाव्या अंगाला उभा होता. पंक्चरवाला तीनचाकीवरून खाली उतरला, हात लांब करून भिंतीवरचा पाइप ओढला, टायरला लावला. आमच्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. कान टायरकडं लावून तो हवेचा आवाज ऐकत होता. बायको उन्हात, काठीवर भार देऊन, रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. पुढची एसटी येऊन गेली, तिनं ती जाऊ दिली. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिलो.